अण्णांची लाइन

वारलेले अण्णा आता, मन संगणकात उतरवलेलं असल्याने, हेमांगीच्या सर्व्हर रूममध्ये राहत, आणि त्यांचा मुलगा श्रीरंग घरून त्यांच्याशी बोलायला लागला की नेमकी लाइन जाई. त्याची कटकट एकदाची थांबावी म्हणून हेमांगीने अण्णांच्या लिनक्स मशीनवर, नेट तुटलं की आपोआप जोडणारी स्क्रिप्ट टाकली.

"अण्णा, फ्लॅट माझ्या नावावर करायला तेवढा होकार द्या ना," श्रीरंगने गोड आवाज काढला. लाइन तुटली, जोडली गेली, पुन्हा तुटली.

"काय भंगार सर्व्हर ठेवलेत तुम्ही," तो फोनवर हेमांगीवर खेकसला.

तिने मशीनच्या नोंदींचा लॉग उघडला. लाइन तोडायचा हुकूम आतून, अण्णांकडूनच येत होता. तिने मशीनला कीबोर्ड जोडून कारण विचारलं.

पडद्यावर उमटलं, "मेल्यावर तरी याच्यापासून सुटका करा, बाई."

हेमांगीने स्क्रिप्ट पुसून टाकली.

"सर्व्हर उत्तम आहे," ती श्रीरंगला म्हणाली. "त्याला माणसं कळतात."