डाळिंबी काठ

सुज्ञ वाचकहो, नाकातील सर्दी डोळ्यापर्यंत चढली असता एका बालिकेवर कोणता प्रसंग ओढवला, तो मी पुढील ओळींत यथाशक्ती निवेदन करीत आहे.

नागपुरातील एका रुग्णालयात नऊ वर्षांची रितिका खाटेवर पडून होती. तिचा डावा डोळा सुजून पुढे आला होता. सायनसचा संसर्ग डोळ्याच्या खोबणीत शिरून तेथे पू झाला, असे निदान होते. औषध शिरेतून चालू होते. डॉक्टर सकाळी खाटेपाशीच बोलून गेले होते, "दर तासाला या डोळ्याला लाल रंग दाखवा. फिका दिसला तर नस दबली समजा. मग ऑपरेशन करून पू काढावाच लागेल, नाहीतर नजर जाईल."

हे रितिकेनेही ऐकले होते.

दुपारी एक वाजता परिचारिका दीक्षा हिने पेनाचे लाल टोपण पुढे धरले व उजवा डोळा झाकला.

"कोणता रंग, बेटा?"

"लाल."

"सकाळसारखाच?"

"हो."

"चला, ऑपरेशन टळते वाटते, मामाजी," रितिकेची आई भारती सासऱ्यांना म्हणाली.

सुजलेली पापणी पुरती उचलण्यापूर्वीच नातीचे उत्तर आले होते, हे बाबूलालजींनी पाहिले होते. त्यांचे आयुष्य हातमागावर आणि रंगाच्या हंड्याशी गेले होते. त्यांनी खांद्यावरील दुपट्टा काढला.

"रितू, आपला खेळ खेळू. उजव्या डोळ्यावर हात ठेव. हा काठ कोणता?"

"लाल."

"लाल तं सारेच म्हणतात वं. सुताचा रंग सांग, नाही तं हारशीन."

या खेळात रितिका कधी हरली नव्हती. तिने दोन बोटांनी पापणी उचलून धरली व बराच वेळ निरखले.

"विटकरी," ती ऐटीने म्हणाली.

तो काठ बाबूलालजींनी स्वहस्ते रंगविला होता. तो डाळिंबी होता.

ते उठून उभे राहिले. "सिस्टर, डॉक्टरले बोलवा. काठ डाळिंबी हाय, पोरीले फिका दिसून राहिला."

"आबाजी, तुमी खेळ म्हटलं होतं," रितिका म्हणाली, आणि तिने भिंतीकडे तोंड फिरविले. स्ट्रेचर आले तेव्हाही तिने तोंड वळविले नाही.

शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी टोपण दाखविले. रितिकेने ते हाताने बाजूला सारले. आदल्या दिवसापासून ती कोणाशीच बोलली नव्हती. भारतीने पदराचे टोक मुठीत आवळले होते.

बाबूलालजी पुढे झाले. त्यांनी दुपट्ट्याचा काठ तिच्यापुढे धरला. डॉक्टरांनी तिचा उजवा डोळा झाकला.

"डाळिंबी," रितिका म्हणाली.

भारतीने सुस्कारा सोडला. परंतु बाबूलालजींचा चेहरा तसाच राहिला. खरे उत्तर आता पोरीला ठाऊक झाले होते, आणि टोपणाबाबत ती काल खोटे बोलली होती. त्यांनी दुपट्टा मागे घेतला नाही.

रितिका डाव्या डोळ्याने काठाकडे पाहतच होती.

"पण त्या कोपऱ्यात रंग उडाला हाय, आबाजी."

बाबूलालजींनी कोपरा आपल्या डोळ्यांजवळ नेला. तो खिडकीपाशी नेऊन पुन्हा पाहिला. त्यांच्या हातचा रंग उडाला, असे साठ वर्षांत त्यांनी कोणाकडूनही ऐकून घेतले नव्हते.

"उडाला हाय, बाई," ते म्हणाले, आणि तो फिका कोपरा त्यांनी कपाळाला लावला.

येथवर सोबत केल्याबद्दल वाचकांचा मी मनःपूर्वक ऋणी आहे.

लहानू निखारे,
महाल, नागपूर