चाळीस दिवसांची दाढी

आमच्यात बायको गेली की सत्तर दिवस नवरा वस्तरा लावत नाही. माझी बायको तामित हिला जाऊन चाळीस दिवस झाले होते. देह टिकावा म्हणून ती अजून मिठात होती, दफनाला अवकाश होता. तेवढ्यात सूर्यदेव रा याच्या देवळात माझी पूजेची पाळी आली. देवापुढे अंगावर एक केस चालत नाही. पहाटे इपी न्हावी आला. “बुवा, माकड झालंय तुमचं! रा उगवायचा आणि तुम्हाला बघून परत मावळायचा.” “तीस दिवसांनी ये.” “देव थांबणारे का? वहिनी असत्या तर कान धरून बसवलं असतं.” खरं होतं. मी बसलो. डोकं, दाढी, भुवया, सगळं उतरलं. तो केस झाडायला लागला तसा मी त्याचा हात धरला. केस फडक्यात बांधून दिले. “तिला दफनाच्या पट्ट्यांत गुंडाळतील तेव्हा त्या लोकांना हे आत ठेवायला सांग. उरलेलं सुतक हे केस पाळतील.” इपीने गाठ आणखी आवळली.