हनुवटीखालची सावली

आईचा चेहरा आज मावशीच्या मानेवर काही केल्या बसत नव्हता.

फोटोवालीने मानेचा रंग जरा पिवळसर केला, मग गालांवरचा तांबूसपणा उतरवला. तरी जोड दिसत होताच. चेहरा जुन्या फोटोतला होता, त्यावर ऊन डावीकडून पडलेलं. मावशीला परवा आईचा स्वेटर घालून खिडकीपाशी बसवलं होतं, तिथे ऊन उजवीकडून.

"मी म्हटलं होतं मावशीला, खुर्ची तिकडे फिरव म्हणून," शेजारच्या स्टुलावर बसलेला मुलगा म्हणाला. मुलगा म्हणजे चांगला चाळिशीतला बाप्या. "पण ऐकेल तर शपथ! म्हणते, बहीण गेली तरी तिचा स्वेटर काही माझी पाठ सोडत नाही."

दोघंही हसली आणि लगेच दोघांनाही हसल्याचं वाईट वाटलं.

आई गेली त्याला चौथा महिना लागला होता. लांबच्या शहरात, इस्पितळात पडून असलेल्या या मुलाच्या मोठ्या बहिणीला, ताईला, ते कळू द्यायचं नव्हतं. ताईच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं आणि तिला धक्का सोसणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ताईच्या नवऱ्याशिवाय भेटायलाही कुणाला सोडत नव्हते. आईला ऐकू कमी यायचं, त्यामुळे मायलेकींचं फोनवर बोलणं कधी नव्हतंच. सगळा संसार फोटोंवर चालायचा. तेच भावाच्या पथ्यावर पडलं. दर आठवड्याला आईचा एक नवा फोटो निघू लागला. आई खिडकीत, आई कुंड्यांना पाणी घालताना, आई पेपर वाचताना. ताई बरी होऊन घरी आली की तिला समोर बसवून सगळं सांगायचं, असं त्याने ठरवलं होतं. तोवर आईला मरायला सवड नव्हती.

फोटोवालीला हे काम नको होतं. दर वेळी नाही म्हणायचं ठरवायची, आणि तो दारात उभा राहिला की तिची जीभ उचलत नसे.

"निदान तुमच्या भाऊजींना तरी सांगा," ती आजही म्हणाली. "एवढं ओझं एकट्याने किती दिवस वाहणार?"

"भाऊजींना? त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही! दिवसभर ताईच्या उशाशी बसलेले असतात. संध्याकाळच्या आत सांगून मोकळे होतील."

ताईला बोलायची बंदी होती. तिचे निरोप भाऊजीच लिहून पाठवायचे, आणि प्रत्येक निरोपाच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं: आईंना जपा, त्यांच्या जिवाला घोर लागेल असं काही सांगू नका. ते वाचलं की भावाला घास गिळवत नसे.

शेवटी फोटोवालीने नेहमीचीच युक्ती केली. हनुवटीखालची सावली गडद केली आणि सगळ्या फोटोवर संध्याकाळ आणली. अंधारात सगळं खपतं. जोड बुडाला.

भावाने स्टूल पडद्याजवळ सरकवलं. "अशीच बसायची," तो म्हणाला. मग नाक पुसून त्याने फोटो पाठवून दिला.

उत्तर लगेच आलं. आईंना बघून ही खूप हसली, भाऊजींनी लिहिलं होतं. हिचाही फोटो पाठवतोय, आईंना नक्की दाखवा.

फोटोत ताई उशीला टेकून बसली होती. खोलीत अंधारून आलं होतं, पण ती हसत होती.

"बघा, बघा! गाल भरलेत की नाही?" भाऊ उठूनच उभा राहिला. "महिनाभरात घरी येते बघा आता. मॅडम, खरं सांगतो, आई गेली तेव्हा वाटलं, आता हीपण गेली तर मी कुणासाठी जगायचं? एवढी एकच उरलीय हो माझी." त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. "हा मोठा करून द्या. भिंतीवर लावतो. फक्त जरा उजेड करा."

फोटोवालीलाही बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी या माणसासाठी तिला काही खोटं करायचं नव्हतं. तिने फोटो पडद्यावर घेतला आणि सावल्यांचा स्लायडर हलकेच पुढे सरकवला. मागची भिंत उजळली. उशीच्या सुरकुत्या दिसू लागल्या, चादरीवरची फुलं वर आली.

"अजून थोडा," भाऊ तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाला. "गळ्यातली साखळी दिसू दे. आईने दिलेली आहे, ताई कधी काढत नाही."

तिने स्लायडर आणखी पुढे नेला. हनुवटीखालची सावली विरली. साखळी नव्हती, गळ्यावर एक बारीक जोड होता, त्याच्या वर ऊन डावीकडून पडलं होतं आणि खाली उजवीकडून.