देवरामच्या ताटातली भुर्जी

सकूने ताट नवऱ्यापुढे सरकवले आणि श्वास रोखून बसली. भुर्जी पिवळीधमक होती, सायीसारखी मऊ. देवरामचा उजवा हात अजून थरथरत होता, पण घास चुकत नव्हता. एक खाल्ला, दुसरा खाल्ला. ताट पुसून रिकामे केले, हात धुतला आणि भिंतीला पाठ लावून दाराबाहेरचा डोंगर बघत बसला. बोलला काही नाही.

"चांगली झालती ना?" सकूने विचारले.

देवरामने मान हलवली. हो म्हणून की माशी उडवायला, ते कळले नाही.

दीड महिना असाच गेला होता. अर्धांगाचा झटका येऊन जेवताजेवता तो ताटावर कलंडला होता. आधी जव्हार, मग नाशिक. पाय परत आला, हात परत आला, वाचा तेवढी परत आली नाही. जव्हारचा डॉक्टर म्हणाला, "आवाज आहे त्यांचा, अडकलाय. एकदा तोंड उघडलं की सुटेल. पण फार दिवस गप्प राहिले तर मग अवघड आहे."

भुर्जी देवरामच्या जिवाची. म्हणून सकूने भुर्जीचा ध्यास घेतला. लेक योगिता नाशिकच्या एका हॉटेलात स्वयंपाकाला होती, ती रजा काढून सूर्यमाळच्या पाड्यावर आली आणि आईची मास्तरीण झाली.

"आये, जाळ मागं ओढ. निखाऱ्यावर ठेव."

"निखाऱ्यावर काय अंडं शिजतंय? पिल्लू निघंल त्यातून."

"निघू दे. तू हलवत ऱ्हा. अन् ओलसर आहे तवर उतरव, तव्याच्या उबेवर बाकीचं होतंय."

उभा जन्म सकूने भडक जाळावर भुर्जी केली होती, फुटाण्यासारखी टणक. आता ती अंडी फेस येईपर्यंत फेटू लागली. चमचाभर दूध घालू लागली. कांदा अगोदर शिजवून घेऊ लागली, मीठ चिमटीत मोजू लागली. दिवसागणिक भुर्जी अशी सुधारली, की तिच्या वासाने मोखाड्याला निघालेली भरली जीप उतारावर आपोआप थांबली. जीपवाला पंकज म्हणतो, ब्रेक मी दाबला. पण जेवून गेला तो, हे काही नाकारत नाही.

सगळा पाडा वाखाणत होता. देवराम गप्प होता.

शिकवणीच्या विसाव्या दिवशी कोंबडी खुडूक बसली, अंडी द्यायची थांबली. टोपलीत दोनच अंडी उरली. योगिताची रजाही संपली होती, तिला उद्याच्या जीपने निघायचे होते. ती म्हणाली, "आये, आता याच्यापरीस चांगली भुर्जी माझ्या हॉटेलातबी होत नाय. बा नाय बोलला तर तुझी चूक नाय."

सकू एकदम चुलीपुढे खाली बसली.

"माझीच आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी भाजीला नावं ठेवत होते. मीच बोलले, एकदा तरी गप जेवा. अन् ते गप झाले."

नावे ठेवणे हा देवरामचा जुना धंदा. लग्नानंतरच्या पहिल्या भाकरीला तो वाकडी म्हणाला होता. भर वैशाखात सकूने डोंगराखालून डोक्यावर आणलेल्या पाण्याला चव नाही म्हणाला होता. चाळीस वर्षांत त्याने कशाला चांगले म्हटल्याचे पाड्यात कुणाला आठवत नव्हते.

सकूही बहुधा तेच आठवत होती. मग ती उठली. पदर खोचला. चुलीत सुकी काटकी कोंबली आणि फुंकणीने असा जाळ केला, की योगिता मागे सरली.

"आये, काय करतेस? जळंल ना!"

तापून धुरावलेल्या तव्यावर सकूने दोन्ही अंडी फोडली, फेटली नाहीत. टरफलाचे तुकडे चुरून आत टाकले. मिठाची मूठ भरली आणि सगळी मोकळी केली. तिचे तोंड देवापुढे दिवा लावताना असते तसे होते. तळ काळा होईस्तोवर तिने उलथन्याला हात लावला नाही.

"शेवटची अंडी होती गं," योगिता रडवेली झाली.

"म्हाईत आहे."

ताट देवरामपुढे आले. त्याने न बघता घास तोंडात घातला. कर्र असा आवाज झाला. जबडा थांबला. त्याने घास हातावर काढला, डोळ्यांजवळ नेला. कपाळाला आठ्या पडल्या. मान रागाने थरथरू लागली. घशातून जाते ओढल्यासारखी घरघर आली. ओठ एकदा हलले, मिटले, पुन्हा हलले.

"ट... टर... टरफलं!"

योगिताने तोंडावर हात दाबला. देवराम सकूकडे बघत होता, लालबुंद.

"कर... करपवली... सके!"

योगिता रडत हसत पुढे धावली. "बा, टाक ते, मी भाकरी देते तुला," म्हणत तिने ताट उचलायला हात घातला. सकूने तिचे मनगट घट्ट धरले. तिच्या गालांवरून पाणी वाहत होते, ते पुसायचेही तिला भान नव्हते.

"ताटाला हात लावू नको," ती म्हणाली. "अजून मिठाचं बोलायचं ऱ्हायलंय त्यांचं."