परक्या डब्यातला तुकडा

सोजरबाईंची किडनी धम्मरत्नांच्या पोटात बसवून अजून महिनाही झाला नव्हता, तोच डॉक्टर म्हणाले, शरीर कुरकुर करतंय. तपासणीचा निकाल संध्याकाळी यायचा होता.

"आपल्याच बायकोची किडनी, मग भांडण कसलं?" धम्मरत्नांनी खाटेवरून लेकीला विचारलं.

नेहा प्रतिकारशक्तीवरच संशोधन करायची. "शरीराला बायको कळत नाही, पप्पा. त्याच्या लेखी ती परकीच. डेंड्रायटिक पेशी असतात, फांद्या फुटल्यासारख्या. त्या परक्याचा तुकडा घेऊन लढणाऱ्या पेशींना दाखवतात. सोबत धोक्याची खूण केली की हल्ला. नुसताच शांतपणे दाखवला, तर बाकीच्या त्याला सांभाळून घ्यायला शिकतात."

धम्मरत्न हसले. "म्हणजे आमचे बबनरावच की."

चिंचवडच्या कंपनीत धम्मरत्न नवे लागले, तेव्हा त्यांचं आडनाव कळलं की माणसं डबा उचलून दुसऱ्या बाकावर सरकायची. बबनराव चऱ्होलीचे, कॅन्टीनचे बिनपगारी मुकादम. ते ज्याच्यावर बिघडले त्याची धडगत नसे. एका दुपारी ते धम्मरत्नांसमोर येऊन उभे राहिले. सगळ्यांच्या माना वळल्या. बबनरावांनी त्यांच्या भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि सावकाश चावला. "जरा तिखट हाय," एवढंच म्हणाले आणि तिथंच बसले. दुसऱ्या दिवशी त्या बाकावर जागा मिळेना.

आता कंपनीच्या जागी टॉवर उभे आहेत. बबनरावही गेले. एकमेकांच्या डब्यात जाणारे ते हात आठवून धम्मरत्नांना भरून आलं. तसं जेवण पुन्हा कधी जमलं नाही.

"आणि शरीरानं ऐकलंच नाही तर?" त्यांनी विचारलं.

"गोळ्या वाढवतील. तरी नाही जमलं, तर किडनी जाईल." नेहाने मान फिरवली. "आईचं दिलेलं वाया जाईल."

तेवढ्यात सोजरबाई डबा घेऊन आल्या. चालताना अजून त्यांचा हात कुशीला जात होता. नेहाने त्यांना काहीच सांगितलं नाही. त्यांनी बिनमिठाचा वरणभात कालवला आणि नवऱ्याला घास भरवला.

धम्मरत्नांनी तो गिळला. मग ओटीपोटावर तळवा ठेवला आणि आपल्याच शरीराला हळूच म्हणाले, "लग्नापासनं हिच्याच हातचं खातोयस ना रे? अजून ओळख पटंना व्हय तुला?"