लॅथमची जर्सी
आमच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या क्वार्टरबॅकचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूचा, गुडघा मोडला. आणखी एक सामना हरलो की हंगाम संपणार, म्हणून कोचनी बदलीला लॅथम ठरवला आणि मी, संघाच्या शिंप्यानं, जर्सीवर त्याचं नाव शिवलं. “उसव ते, अर्ल!” मालक म्हणाले. “त्याच्या जुन्या संघाचे डॉक्टर जखमी पोरांना खेळवतात, असं पेपरात सांगितलंय त्यानं. उद्या आपलंही सांगेल.” “अहो, पण साठ यार्डांवरून टोपीत चेंडू टाकतो!” कोच ओरडले. “शिव रे!” आठवडाभर मी पाचशे वेळा शिवलं, उसवलं, खोटं असेल तर सुई गिळेन. शेवटी मालकांनी टिबलला घेतलं. पोरगा सालस, पण चेंडू फेकला की बँडवाल्यांच्या अंगावर. जर्सीची पार चाळण झालेली, नवं नाव टिकेना. टिबल तशीच घालून उतरला. भोकांच्या अक्षरांतून पांढरा बनियन चमकला आणि भरलेलं स्टेडियम गरजलं, “लॅथम!” मालक खेकसले, “उसव ते!” “भोकं कशी उसवू, साहेब?”