अब्बांची गादी

मिरजेच्या तंबोऱ्यांच्या कारखान्यात शिरीनसमोर नोकरीसाठी दोघे बसले होते. दोघांनीही कानामागे बसवलेल्या स्मृतींच्या चकतीत तिच्या दिवंगत अब्बांचाच कारागिरीचा अनुभव भरून आणला होता. रंगनाथने सगळा, अगदी शेवटच्या दिवसापर्यंतचा. सुकन्याने मात्र फक्त सुरुवातीच्या वर्षांचा.

शिरीनने दोघांपुढे एकेक तंबोरा ठेवला. "जवारी काढा."

तारेला गुंजन देणारी जवारी साधायला रंगनाथ तारांखालची घोडी घासू लागला. कानस धरण्याची लकब, मध्येच मारलेली फुंकर, सगळं थेट अब्बांचं. शिरीनला भरून आलं. मग त्याने तार छेडली आणि ती कर्कश झणझणली. शिरीनने ओळखलं. शेवटी शेवटी अब्बांना नीट ऐकू यायचं नाही, म्हणून ते जवारी फार खुली ठेवायचे. त्यांना तसं सांगायचा कुणाला धीर झाला नव्हता. तो बहिरेपणाही चकतीत उतरला होता.

सुकन्याने कानस उचललीच नव्हती. "ताई, यावर गाणार कोण?"

कान शाबूत होते तोवर अब्बाही आधी हेच विचारायचे.

"पुढची वर्षं का नाही घेतलीस?" शिरीनने विचारलं.

"पुढचं माझ्या कानांनी शिकायचंय."

"मी गाणार," शिरीन म्हणाली, आणि अब्बा गेल्यापासून न लावलेला षड्ज तिने लावला.

सुकन्याने डोळे मिटून ऐकलं. "आवाज जरा कापतोय. जवारी थोडी बंद ठेवते, तार सांभाळून घेईल तुम्हाला."

शिरीनने कोपऱ्यातली अब्बांची गादी तिच्याकडे सरकवली. "मग नीट बस."